लाकूड फोडायच्या हायड्रॉलिक मशीनची पाचर: विकत घ्यायची की करून घ्यायची?

मशीनवर लाकूड फोडणाऱ्या माणसाचं लक्ष सगळं पाचरीच्या धारेवर असतं. धार कशी, किती, कुणाकडून लावून घेतली, याच्याच गप्पा. प्रत्यक्षात धार क्वचितच दगा देते. मोडतं ते बूड, म्हणजे पाचर जिथे गर्डरला (मशीनच्या लोखंडी तुळईला) जोडलेली असते तो जोड. बोथट धारेची पाचर वर्षानुवर्षं काम करते, पण बुडाशी तडा गेलेली पाचर पूर्ण दाबाखाली निसटली तर समोर उभ्या माणसाची खैर नसते. म्हणून या लेखात धारेवर कमी आणि बुडावर जास्त लिहिलं आहे.

आमची जळाऊ लाकडाची वखार. गिऱ्हाईक म्हणजे आचारी, केटरिंगवाले, भट्टीवाले. सुरू, बाभूळ, निलगिरी, आंबा, चिंच असं मिळेल ते लाकूड येतं. आपल्याकडची बहुतेक मशिनं कुठल्या ना कुठल्या वर्कशॉपने जुळवून दिलेली असतात. पाचर गेली की दुकानात जाऊन तसलीच दुसरी मागता येत नाही. तेव्हा नवीन माणसाने कुठून सुरुवात करावी ते क्रमाने सांगतो.

१. आधी मशीन मोजा, मग दुकान शोधा

वर्कशॉपमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "किती टनाचं मशीन?" बहुतेक जण विकणाऱ्याने सांगितलेला आकडा सांगतात, आणि तो हमखास फुगवलेला असतो. हिशोब आपणच करावा. सिलिंडरचा बोअर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.७८५ ने गुणा आणि येईल त्याला प्रेशर गेजवरच्या बारने गुणा. उत्तर साधारण किलोमध्ये येतं. १७५ बारला ८० मिमी बोअरचा सिलिंडर सुमारे ९ टन देतो, १०० मिमीचा सुमारे १४ आणि १२५ मिमीचा सुमारे २२ टन. तोच १०० मिमीचा सिलिंडर १४० बारवर चालत असेल तर हाती फक्त ११ टन लागतात.

बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. बाहेरून पट्टी लावून मोजलात तर भिंतीची जाडीही त्यात येते आणि हिशोब काही टनांनी वर जातो. सिलिंडरवर पाटी नसेल तर सील बदलणाऱ्याला विचारा, त्याला सीलच्या मापावरून बोअर कळतो.

वहीत एवढं लिहून घ्या:

- बोअर, रॉडची जाडी, स्ट्रोक (रॉड किती लांब सरकतो ते)
- रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब जास्त झाला की तेल सोडून देणारी झडप, किती बारवर सुटतो (भार देऊन गेजवर बघा)
- गर्डरचं माप: उंची, वरच्या पट्टीची रुंदी आणि जाडी, मधल्या पत्र्याची जाडी
- रॅम (सिलिंडरच्या जोराने पुढे सरकणारा भाग) पूर्ण पुढे आल्यावर कुठे थांबतो
- तुमच्या नेहमीच्या ओंडक्याची लांबी आणि जास्तीत जास्त घेर
- मशीनचा प्रकार: पाचर टोकाला पक्की आणि रॅम ओंडका ढकलतो, की पाचरच रॅमवर बसून सरकते

पुढचं सगळं पक्क्या पाचरीच्या आडव्या मशीनबद्दल आहे. सरकत्या पाचरीत फरक एवढाच की वजन कमी ठेवावं लागतं आणि खालच्या सरकपट्ट्यांची झीज बघत राहावं लागतं. आकार आणि वेल्डिंगचे नियम तेच.

२. तयार पाचर मिळते का ते बघा, पण फार वेळ घालवू नका

मशीन एखाद्या कंपनीचं असेल तर आधी त्यांच्याकडेच चौकशी करा. बोल्टने बसणारी पाचर असेल तर हा सर्वांत सोपा मार्ग. ऑनलाइन ज्या पाचरी दिसतात त्यातल्या पुष्कळ परदेशी मशीनच्या मापाच्या असतात. मूळ पाचरीवर टोपीसारखी चढणारी चौफाडी, म्हणजे एका दाबात चार तुकडे करणारी, पाचर हा त्यातला लोकप्रिय माल. ती तुमच्या पाचरीच्या जाडीला आणि उंचीला बसली तरच उपयोगाची. दोन मिलिमीटर जरी सैल असली तरी प्रत्येक ओंडक्याला हादरते आणि खालची पाचर खात सुटते.

चित्र बघून मागवू नका. विक्रेत्याकडून खाचेची रुंदी, खोली, प्लेटची जाडी आणि स्टीलचा ग्रेड लेखी मागा. "हेवी ड्यूटी" हा ग्रेड नव्हे.

माझं मत विचाराल तर पाचर वेल्डची असेल, तर जवळच्या औद्योगिक वसाहतीत करून घेणंच बरं. कोल्हापुरात उद्यमनगर किंवा शिरोली, पुण्यात भोसरी, गोव्यात कुंडई, कुठेही सीएनसी प्लाझ्मा कटिंग आणि चांगला वेल्डर एकाच गल्लीत सापडतो.

३. लोखंड कोणतं?

साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, म्हणजे आयएस २०६२ या मानकाची, चालते. अगदी छान चालते. २५ मिमी जाड घ्या. धार लवकर बोथट होते हे खरं, पण ती ग्राइंडरने पुन्हा लावता येते आणि वेल्डिंग बिनधोक होतं. नवख्याने पहिली पाचर याचीच करावी.

त्याहून चिवट हवी असेल तर वेअर प्लेट, म्हणजे बाजारात हार्डॉक्स ४०० वगैरे नावांनी मिळते ती. महाग पडते, पण योग्य वेल्डिंग रॉड वापरला तर नीट वेल्ड होते. प्रोफाइल कटिंगवाल्यांकडे तिचे उरलेले तुकडे असतात. २०० बाय २२५ चा तुकडा त्यांना भंगार आणि आपल्याला सोनं. मुंबई-ठाण्याकडच्यांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारात चौकशी करावी.

ईएन ८ मध्यम कार्बनचं. लेथवाले सुचवतात कारण त्यांच्याकडे पडलेलं असतं. धार टिकते, पण वेल्ड करण्यापूर्वी दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि नंतर हळूहळू निववावं लागतं. एवढी निगुती करणारा वेल्डर असेल तरच या वाटेला जा.

आता भंगाराबद्दल, कारण खरे सापळे इथेच आहेत.

*ट्रकच्या कमानीचे पाटे.* "कमानपाट्यासारखं लोखंड नाही" हे ऐकायला मिळणारच. स्प्रिंग म्हणून नाहीच. पण त्यात कार्बन जास्त असतो. थंड पाटा गर्डरवर ठेवून वेल्ड मारला की जोडालगतची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. शिवाय एकच पाटा पाचरीला पातळ पडतो, मग दोन-तीन एकावर एक जोडण्याचे उद्योग सुरू होतात. सोडून द्या.

*रेल्वेचा रूळ.* आकार बघून मोह होतो. एक तर त्यातही कार्बन भरपूर, त्यामुळे वेल्डला तडे. दुसरं म्हणजे रेल्वेची मालमत्ता बेकायदेशीर बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. भंगारवाल्याकडे लिलावाची कागदपत्रं नसतील तर तो तुकडा गाडीत टाकू नका.

*जेसीबीच्या बकेटची कड.* ही मात्र कामाची. जी कड मुळात बकेटला वेल्ड केलेली होती ती पुन्हा वेल्ड होते. ग्रेडरची बोल्टने बसवलेली पाती वेगळी, त्यात कार्बन जास्त, ती घेऊ नका.

*फोर्कलिफ्टचा जुना काटा.* टोकाकडे आधीच निमुळता, आणि स्टील उत्तम. जाडी पुरेशी असेल तर भंगारातला हा सर्वांत चांगला शोध. फक्त वेल्डिंगआधी तापवणं आलंच.

भंगारात काय हाती लागलंय ते ओळखायला ग्राइंडर पुरतो. सावलीत उभं राहून कोपऱ्याला हलकं ग्राइंडिंग करा. साध्या एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ जातात आणि टोकाला कुठेतरी एखादी फुटते. कार्बन जास्त असेल तर ठिणगी आखूड, चाकाजवळच फुटते आणि एकेका रेषेला फांद्यांचे झुबके येतात. शेजारी एमएसचा माहितीतला तुकडा धरून दोन्ही लागोपाठ बघा, फरक लगेच दिसतो. मग कानस मारून बघा. कानस न चावता घसरली तर तो भाग कडक केलेला आहे, तसाच वेल्डला देऊ नका.

नवीन प्लेट घेत असाल तर पक्कं बिल आणि मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटची प्रत मागा. तुकडा विकणारा कुरकुर करेल, पण प्लेटवरचा हीट नंबर (ती पोलादाच्या कुठल्या वितळणीतली ते सांगणारा) तरी दाखवेल.

४. आकार कागदावर काढा

वर्कशॉपमध्ये हातवारे करून पाचर सांगितली की हातवाऱ्यांसारखीच पाचर मिळते. मापासकट चित्र न्या. वहीचा कागद चालेल.

१४ टनांपर्यंतच्या मशीनला हे माप घ्या: मुख्य प्लेट २५ मिमी जाड, २२५ मिमी उंच, २०० मिमी लांब. वजन नऊ किलोच्या आत बसतं. दोन्ही बाजूंनी उतार देऊन एकूण ३० अंशांची धार करा. २५ मिमी प्लेटला त्यासाठी कडेपासून सुमारे ४७ मिमी आत दोन्ही अंगांना रेघ मारायची आणि तिथून निमुळतं करत यायचं. २० अंशांची धार हवी तर रेघ ७० मिमीवर. ती लाकडात सहज शिरते, पण गाठ लागली की टोक वळतं. आमच्याकडे बाभूळ असते, मी ३० च्या बाजूने.

टोक वस्तऱ्यासारखं करू नका, दोनेक मिलिमीटरची बोथट कड ठेवा. पाचर शिरली की लाकूड तिच्या पुढे आपोआप उकलत जातं, त्यामुळे टोकाचं काम पहिल्या इंचापुरतंच.

खरं फोडायचं काम करतात ते मागचे पंख. धारेपासून सुमारे ६० मिमी मागे, दोन्ही बाजूंना १२ मिमी प्लेटचा एकेक पंख, १३० मिमी लांब, १५ अंशांत बाहेर काढलेला. मागे एकूण रुंदी ९० मिमीच्या आसपास होते. पंख नसले तर पाचर लाकडात शिरते, चिरते आणि तिथेच रुतून बसते. ओल्या चिंचेत रुतलेली पाचर काढायला घण घेऊन उभं राहावं लागतं.

धार गर्डरला काटकोनात हवी. चुकलीच तर वरचं टोक दोन-तीन मिलिमीटर रॅमकडे झुकलेलं चालेल, त्याने ओंडका खाली दाबला जातो. मागे झुकलेलं मुळीच चालणार नाही, ओंडका पाचरीवर चढून वर उचलला जातो.

५. बूड: इथे घाई नको

रॅम ओंडक्याला ढकलतो, ओंडका पाचरीला मागे लोटतो. जोर लागतो गर्डरच्या वर, १०० मिमीवर किंवा त्याहूनही उंच. त्यामुळे पाचर मागे कलंडायला बघते आणि तिचं पुढचं बूड, अगदी धारेखालचं, वर उचललं जातं. तडा कायम तिथूनच सुरू होतो.

हिशोब असा. १४ टनांचा जोर १०० मिमी उंचीवर, बुडाची लांबी २०० मिमी आणि दोन्ही बाजूंना १० मिमीचा फिलेट वेल्ड (कोपऱ्यात तिरका भरलेला) असला, तर वेल्डवर कलंडण्यामुळेच दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ १५० न्यूटनचा ताण येतो. अशा वेल्डला आपल्याकडे ११० च्या आसपासचा ताण मान्य धरतात. तेच बूड ३५० मिमी केलं की ताण ५० च्या खाली येतो आणि ओंडका २०० मिमी उंचीवर अडला तरी १०० च्या आसपास राहतो. म्हणजे पाचर २०० लांब असली तरी तिचं बूड मागे वाढवायचं. पाचरीच्या मागे, त्याच रेषेत, २५ मिमी प्लेटचा तिरका टेकू उभा करायचा आणि तोही गर्डरला जोडायचा. टेकू आणि पाचर एकाच प्लेटमधून कापून घेतली तर सर्वांत उत्तम. कटिंगवाल्याला फक्त चित्र बदलून द्यायचं असतं.

गर्डरही बघा. आयएसएमबी २०० (२०० मिमी उंचीचा आय आकाराचा गर्डर) वर १४ टन म्हणजे काठावरचं काम. १२५ मिमी बोअरचं मशीन त्यावर असेल तर पाचर बदलण्याआधी गर्डरचा विचार करा. गर्डरच्या पोटात, धारेच्या बरोबर खाली आणि टेकूच्या शेवटाला, दोन्ही बाजूंनी १० मिमीचे स्टिफनर (आधाराच्या उभ्या पट्ट्या) मारून घ्या. पाचर मधल्या उभ्या पत्र्याच्या बरोबर वर आली पाहिजे. थोडी जरी बाजूला गेली तर वरची पट्टी वाकायला लागते.

६. वेल्डिंग

आधी सिलिंडरचे होस (तेलाच्या नळ्या) काढा आणि तोंडं बुचाने बंद करा. अर्थिंगचा चिमटा पाचरीजवळ गर्डरलाच लावा. तो सिलिंडरच्या बाजूला लावला तर करंट रॉडमधून आणि सीलमधून वाट काढतो आणि क्रोमवर डाग पडतात. हे वेल्डरला सांगावं लागतं, तो स्वतःहून बघेलच असं नाही.

वेल्डिंगचा रॉड ७०१८ नंबरचा. साधा ६०१३ गेटसाठी ठीक, पाचरीला नको. ७०१८ दमट झाला की त्याचा सगळा फायदा गेला. पावसाळ्यात, त्यातून कोकण-गोव्यात, उघड्या पाकिटातले रॉड तसेच वापरू नका. साधारण ३०० ते ३५० अंशांना तासभर ओव्हनमध्ये ठेवून गरम असतानाच घ्यावेत. वर्कशॉपमध्ये रॉडचा ओव्हन आहे का, या एका प्रश्नावरून वर्कशॉप कळतं.

क्रम असा:

- पाचरीच्या बुडाला दोन्ही अंगांनी तिरका काप देऊन घ्या, म्हणजे वेल्ड मुळापर्यंत जाईल. चौकोनी कडेला नुसता वरून लेप दिला तर मधे चीर राहते.
- गंज, रंग, तेल ग्राइंडरने काढा. जुन्या गर्डरच्या तेलकट पट्टीवर मारलेला वेल्ड फुगतो.
- गुण्या लावून चारी बाजूंना टाके मारा, पुन्हा तपासा, मगच पुढे.
- पहिला थर ३.१५ मिमीच्या रॉडने, वरचे ४ मिमीच्या. प्रत्येक थरानंतर खपली पूर्ण झाडा.
- एका बाजूला सगळं भरून मग दुसरी घेऊ नका, पाचर ओढली जाते. आलटून पालटून भरा.
- धारेखालच्या टोकाशी वेल्ड थांबवू नका, वळसा घालून दुसऱ्या बाजूला न्या. सुरुवात किंवा शेवट तिथे येता कामा नये.
- २५ मिमी प्लेट थंड असेल तर एमएस असली तरी आधी टॉर्चने कोमट करून घ्या. झाल्यावर पाणी ओतायचं नाही. ईएन ८ किंवा काटा असेल तर कोरड्या वाळूत किंवा चुन्याच्या भुकटीत झाकून रात्रभर निवू द्या.

वर्कशॉपला द्यायला हा मजकूर तसाच वापरा: "२५ मिमी आयएस २०६२ प्लेट, पाचर आणि टेकू एकसंध, बूड ३५० मिमी. बुडाला दोन्ही बाजूंनी काप, मुळापर्यंत वेल्ड, वरून १० मिमी फिलेट. रॉड ७०१८, ओव्हनमधला. रंग मारण्याआधी मला दाखवणे." शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. रंगाखाली सगळेच वेल्ड सुंदर दिसतात.

७. चौफाडी पाचर हवी का?

एका दाबात चार फाळक्या पडलेल्या बघितल्या की प्रत्येकाला ती हवीशी वाटते. सुरू किंवा सुबाभूळ यांसारखं सरळ रेषांचं लाकूड आणि २० टनांच्या पुढचं मशीन असेल तर जरूर घ्या. १४ टनांवर गाठाळ बाभूळ किंवा पीळ पडलेली निलगिरी घालाल तर रॅम मधेच थांबेल आणि रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळत बसेल. अशा वेळी "प्रेशर थोडं वाढवून देतो" म्हणणारा कुणीतरी भेटतोच. त्याला हात लावू देऊ नका. पंप, होस, गर्डर आणि आपण आत्ता हिशोब केलेलं बूड, सगळं जुन्या प्रेशरवर बेतलेलं आहे.

करायचीच तर आडवी पाती मुख्य धारेच्या ४० ते ५० मिमी मागे ठेवा, म्हणजे दोन्ही फोडी एकाच क्षणी सुरू होत नाहीत. आणि ती वर-खाली करता येईल अशी बसवा, नाहीतर बारीक ओंडक्याचा वरचा तुकडा नुसता सोलला जातो.

निलगिरी ओली असतानाच फोडावी, वाळली की हट्टाला पेटते. हा सल्ला कुठल्याही पाचरीला लागू.

८. बसवल्यावर

रॅम पूर्ण पुढे आला तरी पाचरीपासून १५ ते २५ मिमी लांब थांबला पाहिजे. लोखंडाला लोखंड भिडलं तर पूर्ण टनेज थेट बुडावर येतं. स्ट्रोक जास्त असेल तर पाचर मागे घ्या किंवा रॅमला थांबा द्या.

पहिले ओंडके सरळ, बिनगाठीचे आणि मध्यम घ्या. लिव्हर दोन हातांनीच चालवा, म्हणजे ओंडका धरायला तिसरा हात उरत नाही. ओंडका धरायला दुसरा माणूस उभा करणं ही आपल्याकडची सर्वांत वाईट सवय, बोटं तिथेच जातात. जाड बूट आणि चष्मा हवाच. होसमधून बारीक फवारा दिसला तर हात लावून गळती शोधू नका, दाबाखालचं तेल कातडीत घुसतं आणि मग थेट ऑपरेशन करावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा.

पाचरीच्या बुडाला गडद ऑइल पेंट लावू नका, पांढरा पातळ हात द्या. तडा पांढऱ्यावर काळ्या केसासारखा दिसतो. सुरुवातीचे काही आठवडे रोज काम संपल्यावर धारेखालचं टोक फडक्याने पुसून बघायचं. शंका आली तर वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात डाय पेनिट्रंटचा स्प्रे मिळतो. लाल मारायचा, पुसायचा, वर पांढरा मारायचा, तडा असेल तर लाल रेघ उमटते. सापडला तर त्यावरून नुसता वेल्ड फिरवू नका. ग्राइंडरने तडा मुळापर्यंत खोदून काढा, लाल रेघ उमटायची थांबेपर्यंत, आणि मगच पुन्हा भरा.